साहेबांना दाखवायचे ढगळ गणवेश

मला शिवता येत नाही. आमच्या गावात हे कबूल करायला धाडस लागतं. बाईला पुरणपोळी जमली नाही तर लोक एकवेळ समजून घेतात, पण शर्टाला बटण लावता येत नाही म्हटलं की थेट माहेरची चौकशी सुरू होते. लग्नानंतर सासूबाईंनी मला हौसेने मशीनवर बसवलं होतं. मी त्यांच्या झंपराची बाही गळ्याला जोडली. त्या मशीनवर चादर टाकून देवघरात गेल्या.

मी पिठाची गिरणी चालवते. गिरणीच्या घरघरीत गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझा आवाज चढलेला आहे, आणि मला वाटतं त्या आवाजासाठीच मला गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत घेतलं. ही समिती म्हणजे आम्ही पालकच. शाळेच्या संडासाला दार नाही, पोषण आहाराच्या तांदळात खडे आहेत, असली गाऱ्हाणी वर पोचवायची हे आमचं काम. आमच्या अध्यक्षांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. त्यामुळे समितीची बैठक पाच माणसांची असली तरी माइक लागतोच, आणि माइक लागला की आलेल्या प्रत्येकाचा सत्कार होतो. मुख्याध्यापक गुरुजी सज्जन, पण सरकारी नोकर. त्यांना वरच्यांविरुद्ध बोलता येत नाही, म्हणून ते खोकतात. एखादी गोष्ट पटली तर हळू, फार पटली तर जोरात.

गणवेशाचं काम पूर्वी समितीकडेच होतं. तिसगावचा शिंपी गळ्यात टेप अडकवून शाळेत यायचा, पोरांना ओट्यावर उभं करून मापं घ्यायचा, आणि वाढत्या अंगाचा म्हणून थोडा सैल गणवेश शिवून द्यायचा. मग एका वर्षी वरून ठरलं की सगळ्या राज्याला एकच गणवेश. कापड कुठेतरी लांब कापणार, तिसरंच कोणी शिवणार आणि घालणार आमची पोरं. शाळा सुरू होऊन पावसाळा निम्मा सरला तेव्हा ते गठ्ठे आले.

गठ्ठे उघडले आणि आम्ही बघतच राहिलो. पहिलीच्या पोराचा शर्ट त्याच्या गुडघ्याखाली. चौथीच्या पोरीची एक बाही कोपरापर्यंत, दुसरी बोटांच्या पुढे. बैठकीत अध्यक्ष संतापले आणि पुरावा म्हणून पाचवीतल्या एका पोराचा शर्ट त्यांनी स्वतःच्या अंगात घातला. तो त्यांना इतका बेतशीर बसला की बटणं लावून झाल्यावर ते जरा वेळ आरशाच्या शोधात इकडेतिकडे बघत राहिले. कापड बरं आहे म्हणाले. मग आपण चिडलेलो आहोत हे त्यांना आठवलं.

आम्ही ठराव केला की गणवेशाचं काम समितीला परत द्या. तो पंचायत समितीत दिला. फोटो काढून शिक्षण खात्याच्या साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. साहेबांनी उत्तरादाखल दोन जोडलेले हात पाठवले. दुसऱ्या दिवशी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. मी म्हटलं, फोटोनं काही व्हायचं नाही, साहेबांनाच गावात बोलवा. त्यांचा अहवाल जिल्ह्याला जातो आणि जिल्ह्याचा राज्याला. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर निदान एका कागदावर तरी खरं लिहिलं जाईल. गुरुजी जोरात खोकले.

साहेब यायला तयार झाले. मग मी बैठकीत बजावून सांगितलं, "साहेब येऊन जाईस्तवर कुनीबी गणवेश बारीक करायचा न्हाई. हाय तसा घालून पोरं आना." अध्यक्षांनी ते संध्याकाळी स्पीकरवरून गावभर पुकारलं. दळण घेऊन येणाऱ्या बायकांनाही मी परत परत सांगत होते. सगळ्या माना डोलवत होत्या.

राहिली माझी पोरगी. ती तिसरीत. तिला मिळालेल्या निळ्या फ्रॉकात ती आणि तिची मैत्रीण दोघी मावल्या असत्या. पहिल्याच दिवशी प्रार्थनेला हात जोडले आणि गळा खांद्यावरून घसरला. पोरं तिला बुजगावणं म्हणाली. त्या दिवसापासून ती जुना, विटका, आखूड गणवेश घालून रांगेच्या शेवटी उभी राहायची आणि नवा फ्रॉक तिने पलंगाखाली ढकलला होता. साहेब येणार त्या दिवशी तो घाल म्हटल्यावर ती रडायला लागली.

"म्या न्हाई घालनार. समदी हसत्यात."

"अगं, त्या दिवशी समद्यांचेच ढगळ असनारेत. कोन कुनाला हसंल? तू एकटी न्हाईस."

"शपथ?"

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेव्हा कुठे तिने फ्रॉक पलंगाखालून ओढून काढला.

साहेबांच्या दिवशी सकाळी नेमकी लाईट आली आणि गिरणीवर गर्दी झाली. आम्ही मायलेकी शाळेत पोचलो तेव्हा मंडप लागलेला, रांगोळी काढलेली आणि पोरं ओळीत उभी होती. मी फाटकातच थबकले. सगळ्या पोरांचे गणवेश झकास बसलेले होते. बाह्या मनगटावर, चड्ड्या गुडघ्यावर, फ्रॉक कमरेत घेतलेले. अध्यक्षांच्या पोराच्या चड्डीला तर इस्त्रीची घडी होती.

माझी शेजारीण पुढेच बसली होती. मी तिला गाठलं.

"काय गं हे? बारीक करायचं न्हाई म्हनलं हुतं ना?"

"आगं, पाव्हना यायचा म्हनल्यावर पोराला तसंच कसं हुभं करायचं? लोक काय म्हनतील, आईला टाकाबी घालता येत न्हाई?" असं म्हणून तिने जीभ चावली. "म्या म्हनलं, बाकीच्यांचे ढगळ हायेतच की. माज्या एकीच्या नीट केल्यानं काय बिघडतंय?"

तिच्या शेजारच्या बाईनेही हाच विचार केला होता. तिच्या पलीकडचीनेही. अध्यक्षांच्या बायकोनेही. गावातल्या प्रत्येक आईने आपण एकटीच गुपचूप नियम मोडतोय असं समजून सुई हातात घेतली होती. मी मागे वळून पाहिलं तर पोरगी माझ्याजवळ नव्हती. पाण्याच्या टाकीमागे निळ्या फ्रॉकाचं एक टोक दिसत होतं. तिला मी शपथ घेऊन आणलं होतं.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. अध्यक्षांनी त्यांचा सत्कार केला. मग त्यांच्या ड्रायव्हरचा केला. मग शाल उरली म्हणून गुरुजींचा केला. नंतर माइक हातात घेऊन, पाठ केलेलं भाषण ते डोळे मिटून म्हणायला लागले. "साहेब, ह्या लेकरांकडं नीट बघा. ह्या बोंगळ, ढगळ कापडांत आमची लेकरं कशी दिसत्यात, तुमीच सांगा!"

साहेबांनी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, एका पोराची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "छान दिसतायत की! जिल्ह्यात एवढे बेतशीर गणवेश मी कुठेच पाहिले नाहीत." त्यांनी खिशातून पेन काढलं. "मी तसं लिहितोच. गणवेश योग्य मापाचे. पालक समाधानी."

गुरुजी इतके खोकले की पोरांनी त्यांना पाणी आणून दिलं.

अध्यक्षांनी डोळे उघडले आणि त्यांचं धाबं दणाणलं. ते ओळीकडे बघायला लागले. आपल्याच पोराच्या इस्त्रीच्या घडीवर त्यांची नजर अडखळली. मग त्यांना टाकीमागचं टोक दिसलं, आणि माइकमध्ये, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ते ओरडले, "एक हाय साहेब! एक हाय! गिरनीवाल्या ताईंची पोरगी! ये बाळा, म्होरं ये, हितं टेबलावर हुभी ऱ्हा!"

सगळ्या माना टाकीकडे वळल्या. निळं टोक आत ओढलं गेलं. कोणीतरी पोरगं फिदीफिदी हसलं.

कोणाशी भांडायचं हे मला सहसा आधी कळतं. त्या दिवशी कळलं नाही, तोंडच आधी सुरू झालं. "ती येनार न्हाई!" माइक नसताना माझा आवाज माइकच्या वर गेला. "माजी पोरगी काय बाजारात मांडायचं वांगं न्हाई. ढगळ दाखवायचं असंल तर आपापल्या पोराचं दाखवा. आन् न्हाई जमत तर साहेबांना लिहू द्या समाधानी हायेत म्हनून. पुढल्या वर्सी बी हेच गठ्ठे येतील, तवा रडत माज्या गिरनीवर येऊ नका!"

साहेबांचं पेन कागदावर थांबलं. आता गावात माझं दळण बंद, असं मनात येऊन गेलं. पण त्याहून वाईट होतं टाकीकडे बघणं. मला तिकडे बघवत नव्हतं.

मग माझी शेजारीण उठली. पदर खोचून ती ओळीत गेली, आपल्या पोरासमोर उकिडवी बसली आणि त्याचा शर्ट वर करून चड्डीच्या कमरेत दात घातले. सगळे बघत असताना तिने दोरा तोडला आणि खस्सकन ओढला. आमच्याकडे वाढत्या पोराचं कापड कोणी कापत नाही, आत दुमडून नुसता धावदोरा घालतात, पुढच्या वर्षी सोडायला. तो दोरा सरसर निघाला, कमर उसवली आणि चड्डी पोराच्या पायांत येऊन पडली.

"आये!" पोरगं किंचाळलं.

"गप ऱ्हा. साहेबांना बघू दे," ती म्हणाली. "बघा साहेब, ही आली तशी चड्डी. ह्येच्यात ह्येचा बाप बी बसंल."

मग दुसरी उठली. मग तिसरी. जरा वेळातच अख्खा मंडप दाताने दोरे तोडत होता. बाह्या धपाधप बोटांवर उतरल्या, फ्रॉक घोट्यांवर आले, कॉलरी छातीवर लोंबल्या. पोरं दोन्ही हातांनी चड्ड्या धरून पळायला लागली. अध्यक्ष माइकवरून "शिस्त पाळा, शिस्त पाळा" म्हणत होते, आणि त्यांची बायको त्यांच्याच पोराला धरून इस्त्रीच्या चड्डीची कमर उसवत होती. ते हळूच माइकमध्ये म्हणाले, "आपल्याचं नगं की गं." तेही गावभर ऐकू गेलं. साहेब हसून हसून खुर्चीत बसले. त्यांच्या खांद्यावरची सत्काराची शाल एका चड्डी सुटलेल्या पोराने कधीच पळवून नेली होती.

आणि टाकीमागून माझी पोरगी बाहेर आली. आधी अर्धीच. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तिला बुजगावणं म्हणणारं पोरगं शर्टात पाय अडकून रांगोळीवर पालथं पडलं होतं. मग तिने फ्रॉक दोन मुठींत गोळा केला आणि गर्दीतून वाट काढत थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, आदी माजा बघा. माजा समद्यात मोठाय!"

तिने मुठी सोडल्या. फ्रॉक जमिनीपर्यंत उतरला. पोरांमधून कौतुकाचा आवाज आला. साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली, कागद उलटा केला आणि तिलाच विचारून विचारून नव्याने लिहायला घेतलं.

पुढच्या वर्षी गणवेशाचं काम समित्यांकडे परत आलं. राज्यभरातून पालकांनी कागद घातले होते, ओरड केली होती, त्यातला आमचा एक. अध्यक्षांच्या मते मात्र हे केवळ आमच्या गावामुळे झालं, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःच्या मंडपात स्वतःचा सत्कार घडवून आणला. मी टाळ्या वाजवल्या.

साहेबांची गाडी गेल्यावर त्या दिवशी सगळ्या बायका मंडपातच बसल्या. पोरांना तसं घरी कसं न्यायचं? कोणीतरी सुया आणल्या, कोणीतरी रीळ, आणि पुन्हा धावदोरे घालणं सुरू झालं. मी लांब खांबाला टेकून उभी होते. जे बोलले होते त्यानंतर कोणाजवळ जाऊन बसायचं हे मला कळत नव्हतं. शेजारणीने आपल्या पोराची चड्डी आवळून झाल्यावर माझ्या पोरीला ओढून मांडीपाशी घेतलं आणि फ्रॉकाच्या कमरेला चिमटा काढून बघायला लागली.

"मम्मीला शिवता येत न्हाई," पोरगी तिला म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आवाज माझ्यावरच गेलाय.

"न येऊ दे," शेजारीण दातात सुई धरून म्हणाली. "आमाला कुठं तिच्यावानी भांडता येतं?"

बाकीच्या बायकांनी मानाही वर केल्या नाहीत. एकीने फक्त सरकून सतरंजीवर जागा केली. मी जाऊन तिथे बसले, नाक पुसलं आणि त्यांना एकेक सुई ओवून देत राहिले.