पायाखालचा निळा उजेड

माझ्या भाच्याचं, इंद्रजितचं, चरित्र लिहायचं तर फार कागद लागणार नाही. शेळगावात राहतो, तिशी ओलांडली, लग्न व्हायचंय, आणि शेती 'बघतो'. म्हणजे खरोखर नुसती बघतो. ऊस लावणारे दुसरे, तोडणारे दुसरे, आणि पाणी धरायला त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण कुशाबाई. चार गाई आहेत, त्यांच्या धारा तीच काढते, डेअरीला दूधही तीच घालते. दाजी गेल्यापासून तिने पोराला कशाची झळ लागू दिली नाही आणि पोरानेही कधी लावून घेतली नाही. मधे बारामतीला कॉलेजात होता. तिथून डिग्री न घेता गॉगल घेऊन परत आला.

मग बारामतीहूनच त्याने एक वापरलेली गाडी आणली आणि त्याला आयुष्यभराचं काम मिळालं. मागच्या काचेवर 'युवराज' लिहून घेतलं. राज्य कुठलं, ते विचारायचं नाही. सीटला नवी कव्हरं घातली, पण त्यांचं प्लास्टिक काढलं नाही, त्यामुळे उन्हाळ्यात बसलेल्या माणसाला सोलून काढावं लागतं. आणि कायदा असा की गाडीत चप्पल घालून बसायचं नाही. चपला पिशवीत घालायच्या, पिशवी डिकीत. इतकं सोवळं त्याने देवळातसुद्धा कधी पाळलेलं मी पाहिलं नाही.

यंदा बावड्याचं एक स्थळ आलं. मुलगी माधवी, इंदापुरात एका औषधाच्या दुकानात कामाला. आमच्या भागात शेतकऱ्याच्या पोराला हल्ली मुलगी कोण देतं? मध्यस्थ दत्तोबाने शब्द टाकला म्हणून तिचे वडील बघण्याच्या कार्यक्रमापर्यंत तरी आले. कुशाक्काने मला वडगावला फोन केला. "रामहरी, येवढं जमू दे बाबा. गुडघं गेलं माझं. घरात कुनी चार शब्द बोलाय बी न्हाय." म्हणून मी आदल्या दिवशीच शेळगावला गेलो.

जाऊन बघतो तर नवरदेव गाडीत उलटा. डोकं स्टिअरिंगच्या खाली, पाय दाराबाहेर, छातीवर मोबाईल आणि त्यात कुणीतरी भराभरा बोलतंय. पाय ठेवायच्या जागेत लावायच्या एलईडीच्या पट्ट्या त्याने ऑनलाइन मागवल्या होत्या.

"मामा, बसवाय माणूस कशाला? समदं मोबाईलवर दावत्यात," तो आतूनच म्हणाला.

डॅशबोर्डखालचं प्लास्टिक उचकटायला त्याने हत्यार काय घेतलं होतं? आईचं उलथनं. ती बिचारी घरात तव्यावरची भाकरी बोटांनी उलटत होती. पहिल्यांदा वायर जोडली तर हॉर्न मुका झाला. दुसऱ्यांदा जोडली तर पट्ट्या लागल्या त्या विझेचनात. शेवटी फ्यूज बदलून, शिव्या देऊन, त्याने ती वायर दाराच्या दिव्याला जोडली. आता दार उघडलं की खाली चारी बाजूंना निळा उजेड पडायचा. मग तो दार उघडी आणि लावी, उघडी आणि लावी. कुशाक्का बाहेर येऊन म्हणाली, "आरं, गोठ्यातला बल्ब गेलाय कवाचा. हातासरशी त्यो बी लाव की."

"बघतो की," तो म्हणाला आणि पुन्हा दार उघडलं. असल्या माणसाला मी मनात काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगी बघायला लोक सकाळी जातात. आम्ही गेलो दिवेलागणीला. का, तर उन्हात पट्ट्या दिसत नाहीत! दत्तोबाला त्याने कारण सांगितलं की दिवसा उसाला पाण्याची पाळी आहे. उसाच्या पाण्याशी याचा एवढा संबंध मी पहिल्यांदाच ऐकला.

बावड्यात आमचं नीट झालं. पोहे झाले, चहा झाला. माधवी समोर बसून शांतपणे उत्तरं देत होती. आमच्याकडे अजूनही एक वाईट खोड आहे. काहीतरी निमित्त काढून मुलीला चालायला लावायचं, म्हणजे पायात काही व्यंग असेल तर दिसतं. मी ते करणार नव्हतो. पण युवराजांनी स्वतःच तांब्या भरलेला असताना पाणी मागितलं आणि ती उठून गेली तेव्हा तिच्या पावलांकडे टक लावून बघितलं. तिने ते बघितलं.

निघताना त्याने सगळ्यांना गाडीपाशी नेलं. चारी दारं उघडली. निळा उजेड पडला. माधवीचे वडील सावळाराम सभ्य माणूस, "वा" म्हणाले. एवढ्याने याचं समाधान होईना. माणूस बसल्यावर कसं दिसतं ते दाखवायला त्याने आईला मागच्या सीटवर बसवलं.

"आई, चप्पल!" सगळ्यांसमोर ओरडला.

कुशाक्काने चपला मातीत काढल्या, आत बसली आणि पावलं सीटखाली ओढून घेतली.

"पाय फुडं घी. तितली पट्टी झाकतीया."

तिने पाय पुढे घेतले. येण्याआधी ते दगडाने घासघासून धुतले होते, मी बघितलं होतं. पण टाचांच्या भेगांतलं काळं घासून निघत नाही. घोट्यावर उसाच्या पाल्याचे चरे होते. अंगठ्याला नख नव्हतं, गाईचा पाय पडून गेलेलं. ते सगळं त्या निळ्या उजेडात एखाद्या दुकानाच्या काचेत मांडल्यासारखं दिसत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

माधवी दारापाशीच उभी होती. तिने वाकून मातीतल्या चपला उचलल्या आणि कुशाक्काच्या पावलांशी आत ठेवल्या.

"अवो, मॅट नवी हाय," इंद्रजित म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मावशी, गाईंच्या धारा कोण काढतं?"

कुशाक्काने एकदा पोराकडे बघितलं. "मीच की. अजून हात चालत्यात."

"आणि उसाला पाणी?"

यावर ती नुसती हसली. परत येताना इंद्रजित गाणी लावून शेळगावपर्यंत मान हलवत होता.

दोन-चार दिवसांत दत्तोबाचा फोन आला. मुलीने नकार दिला होता. तिचं म्हणणं एवढंच होतं, की त्या मावशींचे पाय बघितले, तसे मला करून घ्यायचे नाहीत. हे बहिणीला फोनवर कसं सांगणार? मी पुन्हा शेळगावला गेलो. ती ओसरीवर सुपात लसूण सोलत होती, हा बाजूला मोबाईल बघत होता. स्थळ जमत नाही, एवढंच मी सांगितलं.

"तरी मी म्हनत हुतो," इंद्रजित मान वर न करता म्हणाला, "पांढऱ्याच घ्यायला पायजे हुत्या. निळा डोळ्यावर येतो." आणि पांढऱ्या पट्ट्या किती छान दिसतात ते मला मोबाईलवर दाखवायला लागला. माझा हात शिवशिवला. समोर बहीण होती म्हणून आवरला.

कुशाक्काने लसणाचं सूप बाजूला सारलं.

"पाय बघितलं व्हय तिनं?" तिने मला विचारलं.

मी खोटं बोलणार होतो, पण जमलं नाही. मी मान डोलावली. वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. पोराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "दत्तोबाला सांग, पोरीनं ब्येस केलं म्हनावं. माझी लेक असती तर मी बी ह्या घरात दिली नसती."