भर दुपारचं आकाश, उलट्या बाजूने

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला, देवपुरातल्या मुलींच्या एका शाळेत भर दुपारी चांदण्या उगवल्या होत्या... थापा नाही मारत, बल्ब मीच लावले होते!

माझी नलूआत्या तिथे भूगोल शिकवायची. तिच्या विद्यार्थिनींना दिवे लागायच्या आत घरी पोचावं लागायचं, मग गच्चीवर जाऊन तारे बघणं तर लांबच. आत्या जाम चिडायची. रिटायर व्हायच्या आत पोरींना एकदा तरी आकाश दाखवायचंच, हा तिचा हट्ट. म्हणून शाळेच्या प्रदर्शनात, हॉलमध्येच आकाश करायचं ठरलं.

पाचोऱ्याला तिच्या एका मारवाडी मैत्रिणीच्या बैठकीत जुना विलायती तारानकाशा फ्रेम करून लावलेला होता. काय देखणा, बाई! अस्वल, बैल, सोटा उगारलेला शिकारी... आत्या म्हणाली, त्यांचा हा शिकारी म्हणजे आपला मृग. आपल्याकडे त्याच चांदण्यांचं हरीण होतं आणि व्याधाचा बाण त्याच्या पोटात घुसतो. मला हे इतकं आवडलं की कितीतरी दिवस डोक्यातून जाईना.

आम्ही दोघींनी तो नकाशा मागून आणला आणि जाड काळ्या पडद्यावर खडूने उतरवला. जिथे तारा, तिथे दाभणाने भोक, मागून बल्ब. त्या दिवसांत मी स्वप्नातसुद्धा बैलाची शिंगं काढायचे...

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आत्या गच्चीवर गेली आणि वर बघते तर काय! व्याध मृगाच्या डावीकडे चमकत होता. आमच्या पडद्यावर उजवीकडे! जुने लोक कधी कधी तारे बाहेरून बघितल्यासारखे काढायचे, देवाला वरून दिसतील तसे... हे तिला आत्ता आठवलं. "एकदाच दाखवायला निघाले, तेही उलटं!" म्हणत ती रडायलाच लागली.

"अगं, मग पडदाच उलटा टांगू की," मी म्हटलं. पण त्या बाजूला चित्रं नव्हती, नुसती भोकं. इलाज नव्हता, चित्रांशिवायच उलटा टांगला.

दुसऱ्या दिवशी खिडक्या लावल्या, बल्ब पेटवले. शिकारी नाही, अस्वल नाही... काळोखात नुसत्या चांदण्या. एरवी कलकलाट करणाऱ्या पोरी बोट लावून एकेक चांदणी मोजायला लागल्या!

लेकीला न्यायला खेड्यावरून आलेली एक बाई सप्तर्षींपाशी थबकली. "हाई ते आमनं खाटलं शे वं! म्हातारीनं खाटलं, आन मांगे तीन चोर!" आणि म्हातारीची खाट पळवणाऱ्या त्या चोरांची गोष्ट ती पोरींना सांगतच बसली. जाताना आत्याला म्हणाली, "आज रातले पोरले खरं दखाडसू."

आत्याला त्या वर्षी निरोपाची शाल मिळाली, भाषणंही झाली. पण ती खरी हरखली ती प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या बाईची लेक शाळेच्या पायऱ्यांवरच तिची वाट बघत उभी होती... "बाई, आईनं दाखवलं! खरं आकाश लई मोठं आहे हो!"

आत्याने तिला तिथेच जवळ घेतलं. त्या खाटलंवाल्या माउलीला मी अजून मनातल्या मनात हात जोडते.