चार मिनिटांचं वळण

दूधगाडीच्या अण्णांना कुठलंही गाव लांब नव्हतं. आळंद असो की बीदर, विचारलं की एकच उत्तर, "जवळच हाय की." किलोमीटर त्यांनी कधी मोजले नाहीत. वाटेत कोण उभं आहे, यावर त्यांचं अंतर ठरायचं.

आमची वस्ती डांबरी रस्त्यापासून बरीच आत, तुरीच्या शेतात. तिथं बस येत नाही. दहावीनंतर वडिलांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं. तेव्हा फाट्यावर दूध घ्यायला आलेले अण्णा त्यांना म्हणाले, "कामून घरी बसवायलास पोरीला? मी नेतो की." दुसऱ्या दिवसापासून त्यांचा टेम्पो रोज सकाळी रस्ता सोडून आमच्या दारापर्यंत येऊ लागला. हुमनाबादला कॉलेजच्या फाटकापाशी ते मला उतरवायचे. अशी पाच वर्षं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, ती त्या टेम्पोमुळे.

वह्यांना दुधाचा वास यायचा. वर्गातल्या मुली नाक धरून म्हणायच्या, "आली बघ म्हैस!" मी रडत सांगितलं तर अण्णा हसले. "दह्याचा वास यायलाय म्हणल्या तर सांग, मग माझी नोकरी जाईल. दुधाचा येतोय तवर ठीक हाय."

पुढे त्याच डेअरीच्या बीदरच्या कचेरीत मला नोकरी लागली. तोवर अण्णांना दुबलगुंडीकडचा मार्ग मिळाला होता. सगळ्या गाड्यांना जीपीएसच्या डब्या बसवल्या, तेव्हा त्यांनी ती डबी बोटानं वाजवून विचारलं, "ही माझ्यावर नजर ठेवायलीय व्हय?"

"न्हाई अण्णा, गाडी कुठं हाय ते कळतंय. आता सगळ्यांच्या खिशात हेच हाय. आमची आई बी मी कुठवर आले ते फोनवर बघती."

"मग बरंच की. वाट बघणाऱ्याचा जीव टांगणीला न्हाई लागायचा."

ठरलेला मार्ग सोडणाऱ्या गाड्यांची यादी करणं हे माझं काम. पडद्यावर एक रेघ रोज रस्ता सोडून आत जायची, चार मिनिटं थांबायची आणि परत यायची. गाडी अण्णांची आहे, हे मला ठाऊक होतं. एक फोन केला असता तर कारण कळलं असतं. पण नोकरी नवी होती, साहेब मागे उभे होते आणि ओळखीच्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणू नये, असं मला वाटलं. मी लिहिलं, 'रोज विनाकारण थांबते.' साहेबांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. आठवड्याभरात अण्णांना कामावरून काढलं.

मी त्यांच्या घरी गेले. ते बाजेवर बसले होते. विचारलं, "अण्णा, तिथं आत कामून जात होता?"

"एक पोरगी हाय. बारावीला. तुझ्यावाणीच."

मी म्हणाले, "साहेबांना सांगायचं की, अण्णा."

"सांगितलो असतो तर तुझं बी निघालं असतं. तुला बी असंच आणलो व्हतो. तुझ्या नोकरीला कामून डाग लावू? बस, च्या पी."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नवा ड्रायव्हर ठेवलाय, म्हणाले. ती मुलगी परीक्षेआधीच घरी बसली.

अण्णा मुलाकडे कलबुर्गीला राहायला गेले. बसस्टँडवर मी म्हणाले, "लांब चाललात." ते खिडकीतून म्हणाले, "जवळच हाय की."

रोज सकाळी मी कचेरीत पडदा उघडते. दुबलगुंडीच्या गाडीची रेघ आता सरळ जाते.