पाखरीनं अंग धरलं
पासली गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर हैबती धनगराचं घर होतं. वेल्ह्याच्या खोऱ्यात मोटार पाहिलेली माणसं मोजकीच होती तेव्हाची ही गोष्ट. म्हशी राखायच्या, लोणी कढवायचं आणि तुपाचे डबे घोडीवर लादून भोरच्या बाजाराला न्यायचे, यातच हैबतीचा जन्म गेला. म्हशीतलं त्याला सगळं कळे. घोड्यातलं काही कळत नव्हतं, पण हे त्याला सांगणार कोण?

घोडीचं नाव पाखरी. तरणी होती तेव्हा एका पावसाळ्यात, तापानं फणफणलेल्या आक्काबाईला पाठीवर घेऊन ती पुरातून पार झाली होती. आक्काबाई म्हणजे हैबतीची बायको. तेव्हापासून हैबती म्हशींना सात पिढ्यांच्या शिव्या घाली, घोडीला मात्र एक नाही.

आता पाखरी म्हातारी झाली. दिवाळी सरली तशा तिच्या बरगड्या दिसू लागल्या, पाठीचा कणा वर आला. डोंगरावरचा पुढचा पावसाळा ही असल्या हाडांवर काढणार नाही, हे दिसतच होतं.

मग हैबतीनं खुराक सुरू केला. रोड म्हशीला घालतात तोच. पाखरीनं सरकी हुंगली आणि तोंड फिरवलं. पेंडही पडून राहिली. हुलगे मात्र ती आवडीनं खाई. खालच्या वस्तीतला गेनू येऊन सांगून गेला, गूळ घाल. गूळ घातला. तूप पाज म्हणाला. तूप पाजलं, तर घोडीला हगवण लागली. गेनूचं स्वतःचं तट्टू खुंटीला टांगलेल्या घोंगडीसारखं दिसायचं, पण सल्ला द्यायला काय जातं? हैबतीनं हुलगे आणखी वाढवले. घोडी होती तशीच राहिली आणि घरच्या कोंबड्या माजल्या.

कोंबड्या दिवसभर घोडीच्याच मागं का असतात, म्हणून आक्काबाईनं एकदा काठीनं लीद उकरली. आत हुलगे जसेच्या तसे होते.

"आवं, तुमी कोंबड्या पोसताय," ती म्हणाली. "घोडीला चावतंय कुठं?"

हैबतीनं जबडा उघडून बोटं आत घातली. दाढा झिजून हिरड्यांना टेकल्या होत्या. म्हैस निवांत बसून रवंथ करते, घोडीला ती सोय नाही. जन्मभर जनावरांत काढलेल्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

आक्काबाईनं हुलगे जात्यावर भरडून शिजवले, त्यात जवस कुटून घातलं, मूठभर कोंडा टाकला आणि कोमट पाण्यानं पातळ केलं. पाखरीनं घमेलं चाटून साफ केलं. मग रोज तेच. आक्काबाईचे खांदे भरून यायचे, पण जातं काही थांबलं नाही. शिमग्यापर्यंत कणा बुजला. पावसाळा सुखरूप निघाला. पुढच्या दिवाळीला पाखरी अशी तुकतुकीत झाली, की हैबती वाटसरूंना मुद्दाम थांबवायचा आणि "हात फिरवून बघा," म्हणायचा. एवढी हौस त्यानं स्वतःच्या लग्नातही केली नसेल.

त्या थंडीत खोऱ्यात कुणी बडे पाहुणे शिकारीला आले. त्यांचं सामान वाहायला गावोगावची घोडी-तट्टं वेठीला धरली. शिपाई डोंगरावरही आला. गेनूचं तट्टू त्यानं लांबूनच सोडून दिलं. पाखरीच्या पाठीवर त्यानं हात फिरवला.

"म्हातारी हाय, शिपाईदादा," हैबती म्हणाला. "दाढा न्हाईत तिला. ह्ये बघा." त्यानं जबडा उघडून दाखवला.

"ओझं काय दातानं उचलायचंय?" शिपाई म्हणाला आणि त्यानं दावं सोडलं.

हैबती भरड्याची पिशवी घेऊन मागोमाग पाहुण्यांच्या तळापर्यंत गेला. तिथं घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला त्यानं हात जोडून सगळं समजावलं, कसं शिजवायचं, किती पातळ करायचं. मोतद्दार भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी परत दिली.

"बाबा, येवढ्या जनावरांत म्या कुणाकुणाचं शिजवू? चुलीवर पाव्हण्यांचं पानी तापतंय."

रांगेतल्या जनावरांपुढं वाळलं गवत टाकलं होतं. पाखरी घास घेई, तोंडात घोळवी आणि त्याचा ओला बोळा खाली टाकी. हैबतीला पुढं जाऊ देईनात. तो अंधार पडेस्तोवर उभा राहिला आणि घरी आला.

शिकार संपली. वेठीची जनावरं एकेक करून खोऱ्यात परतली. पाखरी आली नाही. हैबती दोनदा खाली जाऊन आला, पण तळ उठला होता, मोतद्दार दुसऱ्या मुलखातला. विचारायचं कुणाला, तेच त्याला कळेना.

"तिला रोडच ऱ्हाऊ द्याया पायजे हुती," आक्काबाई म्हणाली.

"मंग पावसाळ्यातच गेली आसती की."

"गेली आसती," ती म्हणाली. "पर आपल्या दारात गेली आसती."