वर धरलेले हात

“शी! हात वर!”

बाईंचा दिवस या शब्दांनी उजाडायचा आणि याच शब्दांनी मावळायचा. रेंजरसाहेबांची ही बायको टोकावड्याला आमच्याच घराच्या पलीकडच्या खोल्यांत भाड्याने राहायची. बाळ अडीच वर्षांचं, पण जमिनीला पाय लावायचं नाही. गवतावर ठेवलं की अंगावर पाल पडल्यासारखं किंचाळायचं. बोटाला शीत चिकटलं तरी दोन्ही हात वर धरून, कोणी पुसेल म्हणून वाट बघत बसायचं.

“बघितलंत? उपजतच स्वच्छतेची आवड!” बाई सांगायच्या. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पोराला चिनीमातीच्या बरणीसारखं फळीवर ठेवतात आणि वर बरणीलाच शाबासकी देतात.

मला मात्र या बाई साक्षात सरस्वती वाटायच्या. माझी अक्कल त्या काळी चुलीमागे मांजरीशेजारी झोपलेली असे. बाईंचं बघून मी माझ्या लेकीला, ठकीला, भर लावणीच्या दिवसांत पांढरे पायमोजे चढवले. ठकी बांधावर खेकडे धरायला गेली आणि एका मोज्यात चिंबोऱ्या भरून घरी आली.

“चांगली पिशवी शिवलीस गो,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनीच एकदा बाईंना विचारलं, “बाय, तुमचा पोर चालंल कधी? जरा खाली सोडा. माती चिवडू द्या.”

“माती तुमच्या मुलांना मानवते,” बाई म्हणाल्या.

संक्रांतीनंतर बाईंनी बोरन्हाण काढलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळा थाट. बोरं-चुरमुरे पोराच्या डोक्यावरून ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचे, एवढीच त्यातली मजा. बाईंनी बोरं पुसून ताटलीत मांडली. एकेक बोर बाळाच्या टाळूला टेकवायचं आणि परत ताटलीत!

“पोर हाय का देव्हाऱ्यातला बाळकृष्ण?” म्हणत सासूबाईंनी अख्खं सूप त्याच्यावर रिकामं केलं.

पोरं तुटून पडली. बाळाने टाहो फोडला. तेवढ्यात एक पिकलं बोर त्याच्या हातात फुटलं. त्याने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बोटांतून गर वर येताना बघून ते खुदकन हसलं. इतके दिवस शेजारी राहून त्याचं हसणं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

“शी! हात वर!”

बाईंनी तांब्याभर पाणी ओतून तो हात धुतला. दुसरी मूठ मात्र बाळाने उघडू दिली नाही. रडलं, चावलं, पण नाही.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. मोटारीत चढतानाही बाळ कडेवरच होतं. आणि मी बावळट, डोळ्यांना पदर लावून उभी!

मग खोल्या सारवायला गेलो. बाळाची खाट होती तिथल्या कुडाच्या भिंतीला भोक पडलेलं. बसल्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर चुना खरवडून माती कोरलेली, कडेला बारीक नखांच्या रेघा. मी आत बोट घातलं, तर बोराची बी.

सासूबाई भोक बुजवायला हातात मातीचा गोळा घेऊन आल्या आणि बघत राहिल्या.

“सगळी जमीन पुसली बाईनं,” त्या म्हणाल्या. “भिंत ऱ्हायली.”

आणि गोळा त्यांनी परत घमेल्यात टाकला.