बाबांचे पाच सूर

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी चारचौघांत सांगतो. आंधळगावात कोशाच्या रेशमाचं कापड विणणाऱ्याच्या घरून कॉलेजात जाणं काय असते, ते जाणाऱ्यालाच माहीत.

बाबांना लकवा मारला, तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलता न येणारा माणूस कधीकधी गाऊ शकतो. ओळखीची चाल ऐकवत राहा, पण जे व्हायचं ते बहुतेक या पहिल्या काही महिन्यांतच.

बाबा कार्तिकात पहाटे देवळात काकड आरती म्हणायचे. चाल त्यांची स्वतःची. कोणी रेकॉर्ड केलेली नव्हती. मी ती देवळाच्या पेटीवर चाचपडत शोधली, तर पाचच सूर निघाले. मग फोनवर मोठ्या गायकांना ऐकत बसलो. देसकारातला एक गाजलेला ख्याल लागला आणि मी ताठ झालो. तेच पाच सूर. भूप लावला, त्यातही तेच. एक सकाळचा राग, धैवतावर रेंगाळणारा. दुसरा संध्याकाळचा, गंधाराला धरून असणारा. जाणकारांना हे आधीच ठाऊक असते, हे मला नंतर कळलं. कळू दे. मी ते कोणाला न विचारता शोधलं होतं.

म्हणजे आता सकाळी देसकार, संध्याकाळी भूप. बाबांसोबत झांजा वाजवणारे काका येऊन बसायचे. म्हणाले, "तू शिकला तं शिकला, आता बापालेबी कॉलेजात घालतो का?"

पण एका सकाळी देसकार सुरू असताना बाबांचा डावा हात उचलला गेला. छातीकडे यायचा, मागे जायचा. पुन्हा यायचा. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "ओळखलं गा त्यानं," म्हणाले, आणि डोळे पुसले. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, बाबा ताल धरतात.

आईनं बाबांच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि ती चुलीकडे वळली.

चार-पाच दिवसांनी भूप ऐकवत होतो, मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि गाणं तुटलं. बोलून झाल्यावर पाहतो तर बाबांचा हात चालूच. तीच गती. छातीकडे, मागे.

आई कणीक मळत होती. "ते गाणं नाही आयकून राहिले, बाबू," ती म्हणाली. "फणी ठोकून राहिले. मागावर बसले हायेत."

"तुले कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू किती खुश होता."

आता ते महिने संपले. सकाळी मी अजूनही देसकार लावतो. न लावून काय करू? आज फोन हातात घेतला, तर गाणं लागायच्या आधीच बाबांचा हात सुरू झाला होता. मी फोन खिशात ठेवला आणि त्यांच्यापुढची पेजेची वाटी जरा बाजूला सरकवली, हात लागून सांडू नये म्हणून.