खाडीचं पाणी सोडणारा हरिबा

सांगोल्याकडच्या गावात सरपंचाशी भांडलं तरी चालतं, पाणी सोडणाऱ्याशी भांडून चालत नाही. टाकीची चावी त्याच्या हातात. तो रुसला की अख्खी आळी कोरडी.

अशा गावातला हरिबा मेंढरं विकून कोकणात एका खाडीवर कामाला लागला. खाडीच्या एका काठाला कारखाने आणि धूर. दुसऱ्या काठाला, हरिबाच्या धक्क्याला लागूनच, खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी हिरवीगार खारी दलदल. मधून कोळशाच्या बार्जांची ये-जा, बाजारच्या दिवशी सांगोल्यात नसेल एवढी गर्दी. हरिबानं बार्जचे दोर खांबाला बांधायचे आणि भरती लागली की बार्जवाल्यांना खूण म्हणून हिरवं निशाण चढवायचं. पोहायला येतं का, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही विषय काढला नाही.

पहिल्याच सुट्टीत पारावर बसून तो म्हणाला, आपण निशाण चढवलं की पाणी येतं. बोलणं खोटं नव्हतं. पण गावानं आपल्या परीनं अर्थ लावला, की एवढ्या दांडग्या खाडीचं पाणी आपला हरिबा सोडतो. हरिबानं दुरुस्ती केली नाही. फुकटचा मान कुणाला जड होतो?

त्याच्या बायकोला, तानाबाईला, मात्र मान नको होता, माणूस हवा होता. शेळ्या आणि रिकामं घर सांभाळून ती कावली होती. त्यातच गावचा पाणी सोडणारा काम सोडून गेला. ती जागा धरा आणि घरी या, असा तिनं फोनवर धोशा लावला. खाडी सोडून नळाला कोण हात लावतंय, असं म्हणून हा मिशीत हसायचा. शेवटी ती एसटीत बसून स्वतःच आली.

पहिल्या दिवशी हरिबानं ऐटीत निशाण चढवलं आणि पाणी आलं. तानाबाई बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येण्यावरून दोघांची चांगली जुंपली, आणि हा तणतणत धक्क्यावर गेला.

इकडे तानाबाईला ते वाया चाललेलं हिरवं खाजण बघवेना. विळा घेऊन ती आत शिरली आणि चारा कापू लागली. शेळ्या पार सांगोल्याला आहेत, हे तिच्या हाताला कुठं ठाऊक? भरती लागली. पाणी गुडघ्याला आलं तशी तिनं धक्क्याकडं बघून हाक मारली.

"अवो, जरा बंद करा की. एवढा भारा हुं द्या."

ते आपल्या हातात नाही, आधी बाहेर ये, असं हरिबा जीव तोडून ओरडला. तानाबाईला वाटलं, सकाळचा राग काढतोय.

"भांडान घरातलं हाय, ते पाण्यावर कशापायी काढताय?" म्हणून ती फणकाऱ्यानं परत वाकली.

पाणी कमरेला लागलं. मग हरिबानं बार्जचा दोर स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरं टोक सोबत्यांच्या हातात दिलं आणि चिखलात उडी टाकली. तिला भाऱ्यासकट ओढून काढलं. काठावर आल्यावर तो सगळ्यांदेखत रडला आणि कबूल झाला, की पाणी आपलं आपण येतं, मी नुसते दोर बांधतो. तानाबाई लुगडं पिळत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं गावची एसटी धरली.

आठवड्यानं सरपंच शिवलिंगप्पांचा फोन आला. गावानं ठरवलं होतं, पाणी हरिबानंच सोडायचं. हरिबानं शपथ घेऊन सांगितलं, मी जन्मात कधी पाणी सोडलेलं नाही.

"तू असंच म्हणणार, ते तानाबाईनं आदीच सांगितलंय," शिवलिंगप्पा म्हणाले. "बायकू बुडत हुती तरी ह्या गड्यानं पाणी बंद केलं न्हाय म्हणं. घरच्यांचंबी न ऐकणारा असा माणूस आमाला दुसरा कुटं घावायचा?"

फोनमागं तानाबाईचं हसू ऐकू आलं. हरिबाला तिची भीती वाटली आणि लई बरंही वाटलं. संध्याकाळी त्यानं मुकादमाला सांगून टाकलं, बायकोनं बोलावलंय, मी निघालो.